‘देश आमच्या करावर चालतो’ म्हणे! हिशेब करू या

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. दर बजेटला आणि दर निवडणुकीला येतो, तोच. ‘देशात फक्त दोन टक्के लोक कर भरतात. बाकीचे ९८ टक्के फुकट खातात. आपल्या घामाच्या पैशातून लाडक्या बहिणींना पंधराशे आणि आपल्याला खड्डे. श्रीमंत तर आधीच सगळ्यात जास्त भरतात. कर भरेल त्यालाच मताचा हक्क हवा.’ खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मीही पगारदार आहे, माझाही टीडीएस कापला जातो. खड्ड्यांचं वाक्य शंभर टक्के पटलं. बाकीच्यांचा समाचार घ्यायला हवा.

दोन टक्क्यांचा आकडा तसा हवेतला नाही. आयकराची विवरणपत्रं आठेक कोटी लोक भरतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा कर शून्य निघतो. म्हणजे खिशातून आयकर देणारे लोकसंख्येच्या दोन-तीन टक्केच. मेसेजची लबाडी पुढे आहे: ‘आयकर’ या शब्दातला ‘आय’ गाळला आणि नुसता ‘कर’ ठेवला. तेवढ्याने ९८ टक्के लोक फुकटे झाले.

आमच्या गेटवरचे वॉचमनकाका दर अठ्ठावीस दिवसांनी ३४९ रुपयांचं रिचार्ज मारतात. (महिना अठ्ठावीस दिवसांचा कोणी केला, हा स्वतंत्र लेखाचा विषय.) त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, किमतीतच धरलेला. म्हणजे दर वेळी ५३ रुपये २४ पैसे. वर्षातून तेरा वेळा, म्हणजे ६९२ रुपये, नुसत्या फोनपायी. पिशवीबंद पिठाचे ५ टक्के वेगळे, गावी जायला काढलेल्या मोटारसायकलच्या पेट्रोलवरचा कर वेगळा. तोच रिचार्ज चौथ्या मजल्यावरचा फॅक्टरीमालक मारतो तेव्हा त्यालाही ५३ रुपयेच पडतात. पगाराच्या मानाने कोणाचे ५३ जड, हे सांगायला सीए लागत नाही. आणि सोन्यावर जीएसटी किती? ३ टक्के.

आता देशाची थैली. केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ‘रुपया कसा येतो’ त्याचं चित्र दिलेलं आहे. आयकरातून २२ पैसे. जीएसटीतून १८, उत्पादन शुल्कातून ५, सीमाशुल्कातून ४. हे तीन मिळून २७, आणि त्यांचा भार ज्याने काही विकत घेतलं त्या प्रत्येकावर. कर्जातून २४ पैसे. म्हणजे देश ‘आमच्या करावर’ चालतो त्याहून दोन पैसे जास्त उधारीवर चालतो. ती उधारी वॉचमनकाकांची नातवंडंही फेडणार आहेत.

लाडकी बहीण ही राज्याची योजना. आपला आयकर जातो दिल्लीला. तिथून राज्यांना जो वाटा मिळतो, त्यात महाराष्ट्राच्या पदरी सहा टक्क्यांहून थोडं अधिक पडतं. राज्याची स्वतःची मुख्य कमाई राज्य जीएसटी, मुद्रांक शुल्क, पेट्रोलवरचा व्हॅट आणि दारूवरचं शुल्क. पंधराशे घेणारी बाई त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर कर भरूनच आलेली असते. योजना निवडणुकीच्या तोंडावर आणली, ते योग्य की नाही यावर वाद घालू, त्यात मी कदाचित मेसेजवाल्यांच्याच बाजूने बोलेन. पण ‘आमचा पैसा, तिची चैन’ हा हिशेब जुळत नाही.

एक कर मात्र खरंच पगारातून थेट गरिबाच्या कामासाठी म्हणून सुरू झाला. आपल्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तो व्यवसाय कर. १९७५च्या कायद्याने तो रोजगार हमी योजनेसाठी बसवला. दुष्काळात नालाबांध आणि रस्ते झाले त्यातून. गंमत अशी, की वर्षाला २,५०० हीच त्याची कमाल मर्यादा, तीही राज्यघटनेनेच घातलेली. ऑफिसातला शिपाई आणि त्याच ऑफिसचा एमडी, दोघांचे अडीच हजारच.

आणि ‘श्रीमंत आधीच भरतात’? इथे जरा थांबू या, कारण मेसेजचा खरा मालक इथे दिसतो. २०१८-१९च्या अर्थसंकल्पात रुपयातले १९ पैसे कंपनीकरातून येणार होते आणि १६ आयकरातून. २०२५-२६मध्ये कंपनीकर १७, आयकर २२. उलटापालट झाली. मधल्या काळात, २० सप्टेंबर २०१९ला, कंपनीकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटींवर पाणी सोडावं लागेल, हा अंदाज सरकारचाच. त्याच्या तुलनेत खेड्यातल्या गरिबाला काम देणाऱ्या मनरेगा योजनेला २०२४-२५मध्ये दिलेले होते ८६ हजार कोटी. सवलतीने कारखाने वाढतील असं तेव्हा सांगितलं होतं, तो वाद अर्थतज्ज्ञ घालोत. पण ‘फुकट’ हा शब्द ग्रुपवर त्या दिवशी कोणी टाइप केला नाही. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९८५ला गेला, संपत्तीकर २०१५च्या अर्थसंकल्पात गेला. वरच्या स्लॅबमधल्या नोकरदाराला ३० टक्के, आणि शेअर वर्षभर ठेवून विकले तर १२.५. पगारदाराचा राग अगदी रास्त आहे. पण तो गेटकडे बघून काढतोय, वर बघत नाही.

राहिला मताचा मुद्दा. पैशाला मत नाही असं कोणाला वाटतंय? २०१७मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली. पुढे निवडणूक रोखे आले, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद, देणाऱ्याचं नाव मतदाराला कळणार नाही या बोलीवर. १६ हजार कोटींहून जास्त रक्कम त्यातून पक्षांकडे गेली, आणि ९० टक्क्यांहून अधिक पैसा एकेक कोटीच्या रोख्यांतून. एक कोटीचा रोखा काही वॉचमनकाका घेत नाहीत. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे नावं बाहेर आली.

कर आणि मालमत्ता बघून मत देण्याचा प्रयोग इंग्रजांनी करून झालाय. १९३५च्या कायद्यानेही बहुसंख्य लोक यादीबाहेरच होते. त्याआधीच बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता, तो याच प्रयोगाच्या पार्श्वभूमीवर.

तरीही नियम करायचाच, तर १ फेब्रुवारी २०२५ आठवा. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला आणि याच ग्रुपवर पेढे वाटल्यासारखा जल्लोष होता. बी विंगमधल्या ज्या काकांनी परवा मेसेज टाकला, त्यांनी तेव्हा नाचणारं अस्वल पाठवलं होतं. पेन्शन आठ लाख. या नियमाने काका मतदार यादीतून बाहेर, काकू आधीपासूनच बाहेर.