ब्लॉगचे बिऱ्हाड: मोडावे कसे, मांडावे कुठे

आपल्या ब्लॉगवर गेल्या चौदा महिन्यांत एकही नवी नोंद आली नसेल, तर त्याचे कारण आपल्यात शोधण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. कारण उघड आहे. ब्लॉग ज्या प्लॅटफॉर्मवर आहे तो जुना झाला आहे, त्याचा एडिटर उघडायला वेळ लागतो, थीममधल्या दोन ओळींतले अंतर मनासारखे नाही, आणि डॅशबोर्डवर इतक्या सूचना लटकत असतात की लिहायला बसलेला माणूस प्लगइन नावाची जोडसाधने अपडेट करून उठतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे म्हणून लोक हसतात. पण अंगण वाकडे असल्याचे एकदा जाहीर केले की नाचण्याची सक्ती आपोआप संपते आणि पुढचे सहा महिने अंगण सरळ करण्यात सन्मानाने घालवता येतात, हा त्या म्हणीतला खरा लाभ कोणी सांगत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन त्या सहा महिन्यांसाठी आहे.

आरंभी नवे घर निवडावे. या वाटेने जाणारे आपण पहिले नाही, हे ध्यानात ठेवल्यास धीर येतो. ब्लॉग चालवणाऱ्या प्रणालींपैकी १९९९ साली ब्लॉगर आले, २००१ साली मूव्हेबल टाइप आले. २००४ साली मूव्हेबल टाइपने तिसऱ्या आवृत्तीसोबत परवान्याच्या अटी बदलल्या तेव्हा चिडलेल्या मंडळींनी सामान उचलले आणि त्यांतील पुष्कळजण वर्डप्रेसकडे गेले. ते वर्डप्रेसही काम थंडावलेल्या बी-टू नावाच्या दुसऱ्या एका प्रणालीची संहिता घेऊन २००३ साली उभे राहिलेले होते. पुढे २००८ साली नोंदी साध्या स्थिर फायलींत ठेवणारे जेकिल आले आणि डेटाबेस, म्हणजे नोंदींचे कोठार, मुळात हवाच कशाला, असे विचारू लागले. २०१३ साली ह्यूगो आणि घोस्ट यांनी त्या प्रश्नाला आपापली उत्तरे दिली. अनुभवी स्थलांतरकर्ता यांतील एकाची निवड करत नाही, तो प्रदक्षिणा घालतो. वर्डप्रेस जड झाले म्हणून जेकिल. हजार नोंदींची पाने तयार करायला जेकिल फार वेळ घेते म्हणून ह्यूगो. प्रवासात फोनवरून लिहायची सोय ह्यूगोत नाही (लिहायचे काही नसले तरी सोय हवी) म्हणून घोस्ट. आणि घोस्टमध्ये अमुक एक प्लगइन मिळत नाही म्हणून पुन्हा वर्डप्रेस.

निवड करताना ‘येथून बाहेर पडायचे झाल्यास मजकूर कोणत्या स्वरूपात मिळेल’ असे विचारणे अशुभ मानावे. २०१३ च्या एप्रिलअखेर पोस्टरस ही ब्लॉगसेवा बंद झाली किंवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी टाइपपॅड या तशाच सेवेने दारे लावली, त्या वेळी ज्यांना हा प्रश्न पडला ते लोक आधीच घाबरट स्वभावाचे असावेत.

घर ठरले की सामान बांधावे. जुन्या प्लॅटफॉर्मवर ‘एक्स्पोर्ट’ नावाचे बटण असते, ते दाबल्यावर एक फाइल उतरते, आणि ती फाइल म्हणजेच आपला संपूर्ण ब्लॉग, असा दृढ विश्वास बाळगावा. ती उघडून पाहू नये. पाहिल्यास असे दिसेल की तीत नोंदींचा मजकूर आहे, पण छायाचित्रे नाहीत. छायाचित्रांचे केवळ पत्ते आहेत, आणि ते सगळे जुन्या सर्व्हरचे आहेत. फाइल नव्या ठिकाणी आत घेताना प्रणाली त्या पत्त्यांवर जाऊन एकेक चित्र आणू पाहते, निम्म्यावर दमते, आणि तसे कोणाला कळवत नाही. तरीही नव्या पानांवर सगळी चित्रे व्यवस्थित दिसतात, कारण उरलेली निमूटपणे जुन्या सर्व्हरवरूनच येत असतात. हा क्षण फार मोलाचा आहे. याच क्षणी, सर्व काही जागेवर दिसत असताना, जुन्या होस्टिंगचे पैसे आता कशाला भरायचे असा व्यवहारी विचार करून ते बंद करावे.

एक्स्पोर्टच्या बटणावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी थेट डेटाबेस हलवावा. त्यात अधिक शिकायला मिळते. अक्षरे संगणकात साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. नव्या सर्व्हरने ते तीन बाइट युरोपीय लिपीतील तीन वेगवेगळी अक्षरे समजून वाचले की ‘म’ या एका अक्षराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला एक रोमन ‘ए’ आणि त्याच्यामागे दोन अनोळखी पाहुणे येतात, आणि दहा वर्षांचे मराठी लेखन एका रात्रीत कोणत्याही भाषेत नसलेले होते. ते पाहून घाबरून जागच्या जागी शोधा-आणि-बदला चालवावे. म्हणजे जे पूर्ववत करता आले असते तेही राहणार नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत ‘यूटीएफ-८’ याच नावाने मिळणाऱ्या जुन्या प्रकारात एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइटच मावत, हीही लक्षात ठेवण्याजोगी गंमत आहे. देवनागरी त्यात बसते, पण हसरा चेहरा ४ बाइटांचा असल्याने बसत नाही. चारही बाइट सामावणारा प्रकार २०१० साली आला, पण आपला नवा तक्ता जुन्याच प्रकारात तयार झाला असेल आणि सर्व्हरची शिस्त सैल असेल, तर मजकूर त्या चेहऱ्याशी येऊन तुटतो आणि पुढचे सगळे गळून पडते. जिथे आपण हसलात, तिथेच लेख संपतो. समीक्षकांनी इतके अचूक संपादन आपल्या लेखनाचे क्वचितच केले असेल.

नव्या प्लॅटफॉर्मवर मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याची पद्धत, वापरायची असल्यास कवितांचा प्रश्न आपोआप सुटतो. मार्कडाउनमध्ये ओळ मोडायची तर तिच्या शेवटी दोन रिकाम्या जागा सोडाव्या लागतात. नुसते खालच्या ओळीवर गेलेले तेथे चालत नाही, दोन्ही ओळी एकमेकींना जोडल्या जातात. त्यामुळे आपल्या सर्व कविता सलग परिच्छेद होऊन उतरतात. मुक्तछंदाच्या बाबतीत वाचकांना हा फरक लगेच जाणवेल असे नाही. चित्रमालिका, तक्ते आणि संपर्काचे अर्ज यांच्या जागी चौकटी कंसांत काही तांत्रिक शब्द उरतील. ते राहू द्यावेत, प्रयोगशीलता वाटते.

आता पत्त्यांकडे वळू, कारण स्थलांतराची खरी कला येथे दिसते. ज्यांनी वेब निर्माण केले त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एका टिपणात लिहून ठेवले आहे की चांगले पत्ते बदलत नसतात. त्यांना थीम बदलण्याचा मोह कधी झाला नसावा. आपला जुना पत्ता मुळात सुंदर होताच कुठे? देवनागरी शीर्षकावरून पत्ता तयार होतो तेव्हा त्याचे एकेक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसह ९ रोमन चिन्हांत लिहिले जाते. वर्डप्रेसमध्ये या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ देवनागरी चिन्हांनंतर शीर्षक कापले जाते, आणि आपला सर्वाधिक वाचला गेलेला लेख वर्षानुवर्षे अर्ध्या शब्दावर संपणाऱ्या पत्त्यावर राहत असतो. नवी प्रणाली ते शीर्षक कापत नाही, किंवा आपल्या मर्जीने रोमन लिपीत लिहिते. दोन्ही प्रकारांत जुना पत्ता आणि नवा पत्ता यांची ओळख पटत नाही. त्यातून पत्त्यात तारीख असेल तर दुधात साखर. जुन्या प्रणालीने स्थानिक वेळ धरली आणि नवीने जागतिक प्रमाणवेळ धरली, तर त्या प्रमाणवेळेच्या पुढे राहणाऱ्या लेखकाने मध्यरात्रीनंतर लगेच प्रसिद्ध केलेली नोंद आदल्या दिवशीची ठरते, आणि नववर्षाच्या शुभेच्छांचा पत्ता सरत्या वर्षात जाऊन पडतो.

जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वाट दाखवता येते, तिला रीडायरेक्ट म्हणतात, आणि त्यासाठी सातशे ओळींची एक कंटाळवाणी यादी करावी लागते. ती करू नये. सर्व जुने पत्ते एका फटक्यात मुखपृष्ठाकडे वळवावेत. एकाच ओळीत काम होते. एखादा वाचक आठ वर्षांपूर्वीच्या एका विशिष्ट लेखासाठी आला असता त्याला आपले देखणे नवे मुखपृष्ठ पाहायला मिळते, आणि तो काही क्षण तेथे थांबून, आपलेच काही चुकले असे समजून निघून जातो. गूगल मात्र असल्या आदरातिथ्याला फसत नाही आणि ती पाने सापडत नसल्याचेच धरून चालते. वाट दाखवताना ‘कायमचे हलले’ असे सांगणारा ३०१ हा क्रमांक द्यायचा की ‘तात्पुरते’ असे सुचवणारा ३०२, याबाबत आपल्या स्वभावाला अनुसरून ३०२ योग्य ठरेल. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत असे गूगल सांगते. म्हणून ते डोमेनच्या नूतनीकरणापर्यंत ठेवून मग विसरावेत. आणि हे आपले तिसरे स्थलांतर असल्यास पहिला पत्ता दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे अशी साखळी तशीच राहू द्यावी. पाने धुंडाळणारा गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंत पाठलाग करतो, म्हणजे आपल्या हाती अजून बरीच स्थलांतरे शिल्लक आहेत.

तयारी चालू असताना अर्धवट ब्लॉग कोणाला दिसू नये म्हणून ‘शोधयंत्रांना दूर ठेवा’ अशा अर्थाच्या चौकोनात टिचकी मारलेली असते. ती तशीच राहते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

फीडचे, म्हणजे नव्या नोंदी वाचकांपर्यंत आपोआप पोचवणाऱ्या यादीचे, वर्गणीदार हा मात्र वेगळा विषय आहे. फीडमधल्या प्रत्येक नोंदीला एक ओळखचिन्ह असते, आणि नव्या प्रणालीने ते बदलले की वाचकांच्या फीड-वाचकाला प्रत्येक जुनी नोंद ताजी वाटते. चौदा महिने ज्या ब्लॉगवरून चकार शब्द आला नाही, त्यावरून एका पहाटे तीस नोंदी येऊन धडकतात आणि त्यांतील एकीत ‘उद्या याचा दुसरा भाग लिहितो’ असे आश्वासन असते. तो दुसरा भाग आपण कधीच लिहिलेला नाही, हे एव्हाना केवळ आपल्यालाच ठाऊक होते.

राहता राहिल्या प्रतिक्रिया. स्थिर फायलींवर चालणाऱ्या प्रणालीत त्यांना जागाच नसते, आणि ज्या प्रणालीत असते तेथे त्या आल्या तरी उत्तर आणि प्रश्न यांची उतरंड मोडून येतात, त्यामुळे कोण कोणाला उत्तर देत आहे ते समजत नाही. त्या सरळ सोडून द्याव्यात. आपल्या लेखातील एक सनावळीची चूक एका वाचकाने खाली दाखवली होती, दुसऱ्याने त्यावर तीन परिच्छेदांची पुरवणी लिहिली होती, आणि आपण मूळ मजकुरात बदल न करता ‘खालील प्रतिक्रिया पाहावी’ एवढेच लिहून मोकळे झाला होतात. नव्या ब्लॉगवर ती चूक शिल्लक आहे, ‘खालील प्रतिक्रिया पाहावी’ हे वाक्यही शिल्लक आहे, आणि खाली वाचनाचा अंदाजित वेळ दाखवणारी सुबक पट्टी आहे.

सहा महिने संपत आले की कोणीतरी पत्राने एखादा जुना लेख मागतो. आपण नव्या ब्लॉगवर शोधता, तो हसऱ्या चेहऱ्यापाशी तुटलेला असतो. एक्स्पोर्टची फाइल शोधता, तिच्या ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ आणि ‘अंतिम-नक्की’ अशा तीन प्रती असतात आणि एकही पूर्ण उघडत नाही. अशा वेळी २००१ पासून सर्वांना खुल्या असलेल्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आपला जुना पत्ता घालावा. बहुधा तेथे लेख असतो, दोन ओळींतल्या त्या नकोशा अंतरासह, कडेला जुन्या नोंदींच्या महिनावार यादीसह, आणि खाली त्या तीन परिच्छेदांच्या पुरवणीसह. मागणाऱ्याला त्या पानाचा दुवा पाठवून द्यावा. महिनावार यादीत कंसांतले आकडे दिसतील, एका महिन्यात अकरा, दुसऱ्यात चौदा; ते मोजत बसू नये, कारण नव्या प्लॅटफॉर्मची पुढची आवृत्ती एव्हाना आलेली असते आणि तिच्यात जुनी थीम चालत नाही असे कळते.