ती पावती फाडू नका

गेल्या महिन्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर एक संदेश मोबाइलवरून घरोघर पोचला. ‘बंदूक कारखान्यात उघडली गेली की विकताना निम्मी किंमत येते. दुरुस्तीचे कागद ठेवू नका. किरकोळ काम गावातच करून घ्या आणि विकण्याआधी नळ्या नव्यासारख्या काळ्या करून घ्या.’ शेजारच्या काकींनी तो वाचला आणि काकांच्या दुनळी बारा बोअरची कारखान्यातली दुरुस्ती पावती चुलीत घातली. काका गेल्यापासून बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे. ती विकून काकींना कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पंपाचं कर्ज फेडायचं आहे. मला राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘निम्मी किंमत येते.’ ही समजूत संग्राहकांच्या जगातली. महायुद्धापूर्वीची विलायती बंदूक, तिच्या पोलादावरची मूळ रंगछटा शाबूत, अशी वस्तू कुणी घासूनपुसून नवी केली तर किंमत खरोखर कोसळते, मग ते काम कारखान्याने केलेलं असलं तरी. एवढं त्या संदेशात खरं आहे. पण आपल्याकडे गिऱ्हाईक कोण? शेती संरक्षणाचा परवाना असलेला, रानडुकरांनी केळी उपटून टाकलेला बागायतदार. शस्त्र कायद्यात 2019 साली झालेल्या बदलानंतर सर्वसाधारणपणे एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे तो बिघडकी वस्तू परवान्यावर चढवून घेत नाही.

तो काय बघतो? नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग काढतो, बंदूक मिटतो, दस्त्याजवळ धरून हलवतो. खडखड आली की नळ्या सैल. वर्षानुवर्षांच्या बारांनी बिजागरीची पिन आणि तिच्यावर बसणारा नळ्यांचा आकडा (हूक) झिजतो, नळ्या मागच्या तोंडाला चिकटून बसत नाहीत. कारखान्यात जाडसर पिन बसवतात किंवा आकड्याला धातू भरून तो पुन्हा मापात आणतात. गावठी इलाज म्हणजे मध्ये पत्र्याची चकती झाळून टाकायची किंवा कडा ठोकून पसरवायची. त्या दिवशी बंदूक घट्ट वाटते, थोडेच बार झाले की पुन्हा खडखडते. बंदुकांचा जाणता व्यापारी ती ठोकल्याची खूण लगेच ओळखतो आणि भाव तिथेच पाडतो. किंमत पडते ती अशा दुरुस्तीने.

‘काम गावातच करून घ्या.’ शस्त्र कायदा, 1959च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हा गुन्हा आहे. लोहारदादा कितीही कसबी असोत, त्यांना यात ओढू नका.

‘कागद ठेवू नका.’ याने सर्वात जास्त नुकसान होतं. नळी आतून किती घासली गेली आहे, हे विकत घेणाऱ्याला नुसतं बघून कळत नाही. बारा बोअरच्या नळीच्या आतल्या व्यासाचं नाममात्र माप .729 इंच. गंज काढायला नळी आतून घासली की हे माप वाढतं आणि भिंत पातळ होते. विलायती बंदुकीवर नळीच्या मजबुतीच्या चाचणीच्या वेळचं माप ठोकलेलं असतं. त्यापेक्षा .010 इंचाहून जास्त वाढ झाली तर तिकडच्या जुन्या नियमानुसार ती चाचणीबाहेर गेली, म्हणजे ती चाचणी आता धरली जात नाही. आपल्या समुद्राच्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज कुणाला चुकलेला नाही, त्यामुळे हा प्रश्न येणारच. कोणतं काम झालं आणि काय बदललं, हे सांगणारा कारखान्याचा कागद असेल तर गिऱ्हाईक निर्धास्त होतं. शिवाय त्यावर बंदुकीचा नंबर असतो आणि तो परवान्यावरच्या नंबराशी जुळला की शंका उरत नाही. एका परवानाधारकाने दुसऱ्याला थेट विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावं लागतं. तेवढ्या दिवसांत घेणारा बिचकला तर त्याला धरून ठेवायला हाच कागद लागतो.

‘नळ्या काळ्या करून घ्या.’ हे तर मुळीच करू नका. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा मऊ झाळणाने जोडलेली असते. झटपट काळं करायच्या उकळत्या क्षारी द्रावणात ते झाळण खाल्लं जातं, पट्टी सुटते, आणि आत अडकलेले क्षार पावसाळ्यात नळ्यांना आतल्या आत पोखरतात. जुन्या दुनळीला सावकाश गंज चढवून, उकळून, घासून काळं करायची जुनी पद्धतच चालते. तिला दिवसचे दिवस लागतात. चकाकणारी जुनी बंदूक पाहिली की जाणकार आधी पट्टी ठोकून आवाज ऐकतो.

काकींकडे परवान्याची प्रत होती, तिच्यावर नंबर सापडला. आम्ही तो नंबर लिहून कारखान्याला दुरुस्तीच्या नोंदीची प्रत मागणारं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे. प्रत येईपर्यंत त्यांनी कुणालाही भाव सांगितलेला नाही.