ते 32 वजा करू नका रे!

सोयाबीन निघालं की ड्रायरचा हिशोब येतो अन् माझं डोकं तापतं. मशीनचं जुनं पुस्तक सगळं बीटीयू (उष्णतेचं जुनं इंग्रजी माप), पौंड, फॅरनहाइटमध्ये. आमचे पोट्टे विशिष्ट उष्मा, म्हणजे ठरावीक वजनाची वस्तू एक अंशानं तापवायला लागणारी उष्णता, फॅरनहाइटातून सेल्सिअसात बदलायला बसले, की तापमान बदलतात तसं पहिलं काम 32 वजा! काहून बाप्पा? इथं तापमान नाही, तापमानातला फरक आहे. एका सेल्सिअस अंशात 1.8 फॅरनहाइट अंश, बस्स. पाण्याचा आकडा 1 बीटीयू प्रति पौंड प्रति अंश फॅरनहाइट. काल कागदावर पाण्यापुढं पेनानं ठळक लिहिलेलं : उणे 17.2! एकातून 32 वजा केले अन् 1.8 नं भागलं! म्हणजे पाणी चुलीवर ठेवलं की थंड होणार? लिहिताना एकाच्याही मनात हे येऊ नये?