आमच्या कुडाळच्या फिजिओथेरपी केंद्राला मिळालेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाबद्दल

नमस्कार दादा,

तुमचं गाऱ्हाणं तीन गोष्टींचं आहे. वडिलांना घाई लागली तेव्हा आमचा वापरातला एकुलता एक संडास आतून बंद होता. बाहेर बसणाऱ्या मुलीनं सगळ्यांदेखत ‘काका, आज किती वेळा झालं?’ असं विचारलं. आणि बारा खेपांचे पैसे आगाऊ भरून आठ झाल्या, तरी दिवसातून आठ वेळा जावं लागतंच. वर हे मळ धरून ठेवायचे व्यायाम यूट्यूबवर फुकट मिळतात.

पहिल्या दोन्हींना माझ्याकडे सबब नाही. ज्यांना दोन मिनिटं धीर धरवत नाही अशा माणसांसाठीच आम्ही बसलोय, आणि आमच्याच संडासापुढे ताटकळायची पाळी! मागच्या संडासात आम्ही खोकी भरून ठेवली होती. परवा ती काढली, कडी बसवली. तो प्रश्नही आता आत, दार लावून विचारतो. वडिलांची हरकत नसेल तर मी स्वतः येऊन त्यांची माफी मागेन.

तिसऱ्याबद्दल थोडं सविस्तर. वडिलांचे तपशील इथे काढणार नाही, चार लोक वाचतात. एकंदरीत सांगते. गुदाशय म्हणजे मळ साठवणारी, ताणली जाणारी जागा. कॅन्सरसाठी ती काढली की वरचं आतडं खाली ओढून जोडतात. त्याला तेवढं साठवायची सवय नसते, रेडिएशन झालेलं असेल तर त्रास आणखी वाढतो. म्हणून ऑपरेशननंतर मळासाठी लावलेली पोटावरची पिशवी बंद झाली की घाई, तासाभरात पुन्हा पुन्हा जाणं, वारा की मळ हे न कळणं सुरू होतं.

हे मोजायला आम्ही लार्स स्कोअर वापरतो. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ साली काढलेली पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे, एकूण गुण ४२, तीस किंवा वर गेले की त्रास मोठा. त्यात दिवसातून किती वेळा, याला जास्तीत जास्त ५ गुण. तासाभरात पुन्हा जावं लागण्याला ११ आणि घाईला १६! कारण आपल्याकडे सांगायला नको. संडास मागीलदारी, जूनचा पाऊस, रात्री आधी बॅटरी शोधायची. आठाचे सात झाले काय नि न झाले काय, छत्री उघडण्याइतका वेळ मिळाला की माणूस सुटतो. वडिलांच्या वहीत ‘किती वेळ थांबलो’ हा रकाना आहे, तो एकदा बघा.

यूट्यूबचं म्हणाल, तर ‘गुदद्वार आवळा’ म्हटलं की पुष्कळ जण श्वास कोंडून पोट आवळतात नि खाली जोर देतात. म्हणजे नेमकं उलटं. ते हाताखाली लगेच कळतं, आणि आवळणं मोजणाऱ्या मशीनच्या पडद्यावरची रेषा हलली नाही की रुग्णालाही दिसतं. फुग्याचा सराव तर घरी होण्यातला नाही. सर्जननी जोड भरून आल्याचं लिहून दिल्यावरच छोटा फुगा आत ठेवून थोडा थोडा भरायचा, पहिली जाणीव कधी झाली ते सांगायचं आणि घाई आली तरी आवळून धरायचं.

याचा सगळ्यांना सारखा गुण येत नाही. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष सुधारणा होत राहते, काहींना घाई थोडीफार कायम राहते. आमच्या पत्रकावर ‘दोन महिन्यांत फरक’ असं छापलंय, ते मीच लिहून दिलं होतं आणि ते चूक आहे. उरलेली पत्रकं रद्दीत गेली. मळ घट्ट करणारी गोळी, इसबगोल, खालून पाणी सोडून आतडं धुणं हे मार्ग अजून बाकी आहेत, पण ते सर्जनना विचारून. तिखटाचं मात्र ज्याचं त्यानं वहीत बघून ठरवावं. मी कोणाला मालवणी मसाला सोड म्हणायला गेले तर तो मलाच सोडेल.

उरलेल्या चार खेपांचे पैसे परत देतेय, आगाऊ घेणंही बंद केलंय. पुढे यायचं असेल तर सकाळी साडेआठची वेळ घ्या, तेव्हा दुसरं कोणी नसतं. आणि येताना वही तेवढी विसरू नका.