सवलत हॉस्पिटलला, मग पेशंटला काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची कमेंट रविवारीच वाचली होती, पण रागात उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दोन दिवस थांबले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी अमेरिकेतल्या ३४०बी नावाच्या सरकारी योजनेबद्दल लिहिलं होतं, की गरीब पेशंट जास्त बघणाऱ्या हॉस्पिटलांना तिथे औषध कंपन्यांना कमी भावात औषधं द्यावीच लागतात आणि त्यावर ती हॉस्पिटलं तग धरतात. त्यावर दादांचं म्हणणं, की सवलत पेशंटच्या नावाने घ्यायची आणि खिशात हॉस्पिटलने घालायची, आमच्या वहिनींना ठाण्यातच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा एकूण एक इंजेक्शन छापील किमतीला लावलं, एक रुपया सोडला नाही, मग कसली मदत? हॉस्पिटलची सवलत बंद करा, त्यापेक्षा स्वस्त जेनेरिक औषधांची जनऔषधी दुकानं वाढवा आणि विषय संपवा.

वहिनींच्या बिलावरचा तुमचा राग अगदी बरोबर आहे, त्यावर मला काहीच वाद घालायचा नाहीये. पण "सवलत बंद करा" म्हणालात तिथे मी अडते.

मी नऊ वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसी स्टोअरला काढलीत. माल आला की खोका उघडायचा, बॅच नंबर, एक्स्पायरी, रेट सगळं बिलाशी जुळवायचं. पहिल्याच वर्षी केमोच्या एका इंजेक्शनचं बिल हातात आलं, वायलवरची, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीवरची, एमआरपी (छापील किंमत) आमच्या खरेदीच्या जवळजवळ पाचपट, मी दोनदा जुळवून बघितलं, मला वाटलं बिलच चुकून आलंय. सिनियर म्हणाल्या, बरोबर आहे, असंच असतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो फरक मी डोळ्यांनी बघितलाय, आणि तो कुठे जातो तेही बघितलंय.

त्याच सुमारास कळव्याचे एक रिक्षावाले दादा बायकोला घेऊन आले. काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीतून केशरी रेशन कार्ड काढून ठेवलं आणि पहिला प्रश्न काय, तर "मॅडम, बाहेरून काय काय आणायचंय?" कारण आधीच्या ठिकाणी दर वेळी हातात चिठ्ठी मिळायची, हे आणा ते आणा. मी म्हटलं काही नाही, सगळं आतून मिळेल. त्यांना खरंच वाटेना, ते तिथेच उभे राहिले.

त्यांची केस राज्य सरकारच्या फुले जनआरोग्य योजनेतली होती. या योजनेत हॉस्पिटलला पॅकेजचे ठरलेले पैसे मिळतात आणि औषध, बेड, नर्सिंग सगळं त्यातच बसवायचं असतं. तिथे एमआरपी लावायचा प्रश्नच येत नाही, औषध महाग पडलं की तोटा थेट हॉस्पिटलचा, आणि दर पेशंटमागे तोटा व्हायला लागला की काय होतं ते तुम्हालाही माहितीये, "बेड नाही" सुरू होतं. स्टोअरला रेट चांगला मिळाला म्हणून त्या ताईंची केमो आमच्याकडे पूर्ण झाली. त्यांच्या हातात कोणी सवलतीचं कुपन दिलं नव्हतं, पण सवलत पोचली ती त्यांनाच.

आणि हे एकट्या हॉस्पिटलला जमत नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, झालं, त्यातल्या २३ सेंटरांनी मिळून ४० औषधांची एकत्र खरेदी केली तेव्हा एकेका औषधाचा भाव कुठच्या कुठे खाली आला. छोटं हॉस्पिटल पन्नास वायल मागतं तेव्हा कंपनी फोनसुद्धा नीट उचलत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता अमेरिकेचं. तिथे १९९० साली कायदा झाला की गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेला, म्हणजे मेडिकेडला, कंपन्यांनी बाकी कोणालाही दिलेल्या सगळ्यात कमी भावाच्या हिशोबाने पैसे परत द्यायचे. झालं उलटंच, कंपन्या आधी धर्मादाय हॉस्पिटलांना आपणहून जो स्वस्त भाव द्यायच्या तोच त्यांनी काढून घेतला, कारण तो दिला की मेडिकेडलाही जास्त परत द्यावं लागणार. ते दुरुस्त करायला १९९२ मध्ये ३४०बी आणलं, मेडिकेडमध्ये औषध विकायचं असेल तर या हॉस्पिटलांना ओपीडीची औषधं कमी भावात द्या. तुमचा मुद्दा इथे लागू पडतो हे मान्य करते: वाचलेले पैसे गरिबांवरच खर्च झाले हे दाखवायची सक्ती त्या कायद्याने हॉस्पिटलांवर केलेली नाही. काही हॉस्पिटलं त्यावर फुकट दवाखाने चालवतात, काहींचा पैसा कुठे जातो कळत नाही, आणि तिथलं भांडण वर्षानुवर्षं त्याच्यावरच चाललंय. मागच्या पोस्टमध्ये मी हे लिहायला हवं होतं, राहिलं, चूक माझी.

जनऔषधीबद्दल माझं वाईट मत अजिबात नाही, आईच्या बीपीच्या गोळ्या मी तिथूनच आणते आणि महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आलाय. पण रात्री दोन वाजता आयसीयूत लागणारं इंजेक्शन नातेवाईकाने दुकान शोधून आणायचं का? तिथे हॉस्पिटलचंच स्टोअर लागतं, आणि त्या स्टोअरला भाव काय मिळाला त्यावर सगळं अवलंबून असतं.

आता वहिनींचं, कारण खरं तर हे उत्तर मी त्यासाठीच लिहायला घेतलं. आपल्याकडे महाराष्ट्रात धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, हॉस्पिटलांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१कक लागू आहे आणि हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे. १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत, १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत, आणि एकूण बिलिंगच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. त्यातलं फार कमी लोकांना माहीत असलेलं वाक्य म्हणजे या पेशंटची औषधं आणि इम्प्लांट एमआरपीने नाही तर हॉस्पिटलच्या खरेदी दराने धरायची. निर्धन असेल तर ते पैसे निधीतून जातात, दुर्बल घटक असेल तर औषधांच्या त्या बिलाचा निदान अर्धा भाग पेशंटने भरायचा असतो. आता बघा, निधीत पैसे तेवढेच आहेत आणि खरेदी भाव निम्मा झाला, तर त्याच पैशात दुप्पट पेशंटची औषधं बसतात. हॉस्पिटलला स्वस्त मिळू नये असं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

वहिनी उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर त्यांना छापील किंमत लावायलाच नको होती. तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात परत ॲडमिट करायचंय. त्याच्या आधी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा, सेतूत गर्दी असते तेव्हा आत्ताच अर्ज टाका, रेशन कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा आणि ॲडमिशनच्या दिवशीच, डिस्चार्जच्या नाही, समाजसेवा विभागात अर्ज द्या, त्यात "औषधांचं बिल खरेदी दराने लावावं" हे स्पष्ट लिहा आणि कॉपीवर शिक्का घ्या. नाही म्हणाले तर तेही लेखी मागा, ते घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला जाता येतं. आणि मागच्या वेळचं बिल असेल तर नाव आणि केस नंबर झाकून मला फोटो मेल करा, औषधांच्या ओळी मी एकेक करून बघून देते.