प्रिन्स यांचं गणित चुकलं नव्हतं

अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्समधल्या एका अर्धवट राहिलेल्या गॉथिक (मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या धाटणीच्या) इमारतीचा फोटो सध्या पुन्हा फिरतोय. सोबतचा मजकूर असा: विद्यापीठाच्या विधी शाखेसाठी ती बांधताना वास्तुविशारद आर्तुरो प्रिन्स यांचा हिशेब चुकला, वरचा भार खालच्या भिंतींना पेलणार नाही हे उशिरा कळलं, त्यांनी आत्महत्या केली आणि काम कायमचं थांबलं.

तारखाच उलट्या आहेत. लास एरास रस्त्यावरचं हे काम १९१२ साली सुरू झालं. १९२५ मध्ये अपुऱ्या इमारतीचंच उद्घाटन झालं. काम बंद पडलं १९३८ मध्ये आणि प्रिन्स वारले १९३९ मध्ये, तेही नैसर्गिक मृत्यूने. त्यांच्या मरणाने थांबायला काम चालू होतंच कुठे?

ते थांबलं पैशांअभावी. फोटोतल्या उघड्या विटा चुकलेल्या हिशेबाचा पुरावा म्हणून दाखवतात, पण त्या उघड्या आहेत कारण बाहेरून गिलावा कधी झालाच नाही. गिलावा शेवटी करायचा असतो, म्हणून पैसे संपले की तोच राहतो. आपल्याकडे गावोगावी अशी घरं दिसतात, त्यांत माणसं सुखाने नांदतात. मधला मोठा मनोरा बांधायचा राहिला तोही निधी नव्हता म्हणून.

‘धोकादायक म्हणून विधी शाखा तिथून हलवली’ हेही पटणारं नाही. १९२५ पासून ती तिथेच होती. १९४९ मध्ये डोरिक म्हणजे प्राचीन ग्रीक धाटणीच्या खांबांच्या नव्या इमारतीत गेली. मागे रिकामी झालेली वास्तू पुढे मिळाली अभियांत्रिकी शाखेला. भार आणि ताण शिकवणारी माणसं आजही त्याच भिंतींआड वर्ग घेतात.

मला या गोष्टीचा राग येतो, कारण ती आपल्याही ओळखीची आहे. मुंबईचं ताज हॉटेल उलटं, म्हणजे पुढची बाजू मागे करून, बांधलं गेलं आणि ते पाहून गोऱ्या वास्तुविशारदाने जीव दिला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तीही दंतकथाच. ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा. काम पुरं होण्याआधीच त्यांचं निधन झालं, पुढचं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पार पाडलं आणि १९०३ मध्ये हॉटेल सुरू झालं. त्या दंतकथेत वैद्यांचं नावसुद्धा येत नाही.