कापूर, लिंबू आणि मुलांच्या डोक्यातला कोंडा

पालकांच्या गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. लहान मुलांच्या डोक्यातला कोंडा म्हणजे निव्वळ कोरडेपणा. खोबरेल तेलात भीमसेनी कापूर विरघळवून रोज रात्री चोळावे, सकाळी लिंबाचा रस लावावा, तरीही न गेल्यास चकोट करावा, डॉक्टरांकडे जाण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे.

प्रथम कापराविषयी, कारण तिथे थेट धोका आहे. लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी काही वेळातच झटके येऊ शकतात, आणि तो त्वचेतूनही शोषला जातो. अमेरिकेत १९८३ पासून त्वचेवर लावायच्या औषधांत ११ टक्क्यांहून अधिक कापूर घालता येत नाही. आपण मात्र वाटीभर तेलात अंदाजाने खडे टाकतो आणि ती वाटी मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवतो.

कोरडेपणाचे निदानही बहुतेक वेळा चुकीचे ठरते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पहिल्या काही महिन्यांत बसणारे पिवळट, चिकट पापुद्रे कोरडेपणाचे नसतात; तैलग्रंथी जोरात असल्यामुळे ते येतात आणि बहुधा वर्षाच्या आत आपोआप जातात. तिथे आंघोळीपूर्वी अर्धा तास साधे खोबरेल लावून, मऊ ब्रशने पापुद्रे सैल करून डोके धुणे योग्यच आहे, आणि संदेशातला एवढा भाग मला मान्य आहे. परंतु पुढे वयात येईपर्यंत या ग्रंथी मंदावलेल्या असतात, म्हणून मोठ्यांना होतो तसा कोंडा तीन ते दहा वर्षांच्या मुलांत फारसा आढळत नाही. या वयात खवले आठवडेच्या आठवडे टिकले, तर डोक्यातला गजकर्ण, इसब किंवा सोरायसिस यांचा विचार आधी करावा लागतो.

माझ्या भाचीच्या सहा वर्षांच्या मुलीला तीन महिने रोज तेल चोळले जात होते. खिडकीजवळ बसवून भांग पाडला तेव्हा कानामागे रुपयाएवढा विरळ चट्टा दिसला; तिथले केस मुळाशी तुटून काळे ठिपके उरले होते, आणि मानेमागे दोन लहान गाठी हाताला लागत होत्या. घरातल्या मोठ्यांनी त्याला चाई म्हटले होते. चाईत त्वचा गुळगुळीत असते, खवले नसतात. हा बुरशीचा संसर्ग, म्हणजे डोक्यातला गजकर्ण होता.

ही बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, त्यामुळे वरून लावलेले तेल किंवा मलम तिथवर पोचत नाही. ग्रायसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने कित्येक आठवडे पोटात द्यावी लागतात. ग्रायसिओफल्विन दूध-तुपाच्या जेवणाबरोबर दिल्यास चांगले शोषले जाते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम तर लाली लपवून रोग वाढू देते. चकोट केल्याने मुळातली बुरशी जात नाहीच, उलट सर्वांसाठी एकच वस्तरा वापरला गेला तर ती दुसऱ्या डोक्यावर जाते.

लिंबाच्या रसाविषयी थोडेच पुरे. खाजवून सोलवटलेल्या त्वचेवर तो झोंबतो, आणि रस लावून उन्हात गेल्यास तिथे भाजल्यासारखे डाग उठू शकतात.

डॉक्टरांची गरज नाही हे विधान म्हणूनच मला सर्वांत घातक वाटते. केस गळून चट्टा पडणे, पू किंवा दुखरी सूज येणे, गाठी लागणे, किंवा नीट धुऊनही खवले महिनाभर टिकणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खवले आणि तुटके केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी आहे की नाही हे कळते. सुजलेला, पू धरलेला चट्टा उपचाराविना राहिला, तर तिथले केस कायमचे जाण्याचा संभव असतो.

भाचीच्या मुलीचे औषध सुरू झाले त्याच दिवशी डॉक्टरांनी धाकट्या भावाचेही डोके तपासले. दोघांचा कंगवा एकच होता, आणि त्याच्या टोपीखालीही तसाच चट्टा निघाला.